साक्ष द्यायला फक्त पास झालेल्यांनीच उभं राहायचं का?

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुम्ही नीटच्या निकालाचं पान छापलं, यशस्वी मुलामुलींचे फोटो, पेढा भरवणारे आईबाबा वगैरे, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं की अपयश आलं की धार्मिक लोक लगेच 'देवाची इच्छा' म्हणून मोकळे होतात आणि त्यात मुलांचं नुकसानच होतं. ते पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं माणूस बरोबर बोलतोय, तिसऱ्यांदा वाटलं अर्धंच बोलतोय. म्हणून लिहायला बसले. पत्र मोठं झालंय, कापायचं तर कापा, पण पंडिता रमाबाईंचा भाग तेवढा कापू नका.

मी दौंडची. प्राथमिक शिक्षिका आहे, मिस्टर रेल्वेत. आम्ही ख्रिस्ती, आणि माझ्या पणजीपासून ख्रिस्ती. पणजी म्हणजे दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आलेली सहा-सात वर्षांची पोर, आईबाप कोण ते शेवटपर्यंत तिला नीट आठवलं नाही. हे सगळं सांगायचं कारण पुढे येईल.

माझ्या धाकट्या मुलीने २०२३ ला पहिल्यांदा नीट दिली, नाही जमलं, मग एक वर्ष ड्रॉप घेऊन लातूरला ठेवली. हॉस्टेल, मेस, टेस्ट सिरीज, रविवारी दहा मिनिटांचा फोन, असं वर्ष काढलं तिने. आणि इकडे आम्ही काय केलं तर प्रार्थना. म्हणजे नुसती रात्रीची नाही, साखळी प्रार्थना, शुक्रवारचा उपास, हॉल तिकीट आलं तर त्याची झेरॉक्स पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडे नेली, त्यांनी त्यावर हात ठेवून प्रार्थना केली. हसू नका, तुमच्यातले लोक पेन देवीच्या पायाशी ठेवतात तसंच हे, आई झाली की सगळ्या धर्मातली बाई सारखीच वागते.

परीक्षा झाली ५ मे २०२४ ला. निकाल १४ जूनला म्हणून सांगितलेला. आणि आला एकदम ४ जूनला संध्याकाळी, लोकसभेची मतमोजणी चालू असताना. आमचा मतदारसंघ बारामती, म्हणजे त्या दिवशी काय वातावरण असेल ते सांगायला नको. टीव्हीवर आकडे, खाली रस्त्यावर गुलाल आणि फटाके, आणि आमच्या घरात मोबाईलवर साईट उघडत नाही म्हणून चौघं चार मोबाईल घेऊन बसलेले. उघडली ती मुलीच्याच मोबाईलवर. ७२० पैकी ६१२. मला तर आनंदच झाला, कारण आदल्या वर्षी साधारण तेवढ्या मार्कांना सरकारी कॉलेजात नंबर लागल्याचं आम्ही ऐकलं होतं. मी पोहे टाकायला उठले सुद्धा. तिने मात्र खाली रँक बघितला आणि मोबाईल उलटा करून ठेवला आणि बाथरूममध्ये गेली, नळ सोडून दिला. नळाचा आवाज आणि बाहेर फटाक्यांचा आवाज, बस्स एवढंच मला त्या संध्याकाळचं आठवतं. पोहे भिजवलेले तसेच राहिले, दुसऱ्या दिवशी टाकून दिले.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. ६७ मुलांना पैकीच्या पैकी, दीड हजारावर मुलांना ग्रेस मार्क, मग ते काढले, मग त्यांची परत परीक्षा, मग कोर्ट. २३ जुलैला सुप्रीम कोर्टाने सांगितलं सगळ्यांची परीक्षा परत होणार नाही. आणि फिजिक्सच्या एका प्रश्नाची आधी दोन उत्तरं बरोबर धरली होती ती नंतर एकच बरोबर धरलं, आमच्या मुलीने नेमकं दुसरं लिहिलेलं, म्हणजे चार गेले आणि वर एक मायनस. ६१२ चे ६०७ झाले. प्रायव्हेट कॉलेजची फी बघितली आणि मिस्टरांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, त्यावर घरात परत बोलणं झालं नाही.

आता त्या गृहस्थांच्या मुद्द्यावर येते. अॅडमिशनची यादी लागल्यानंतरच्या रविवारी आम्ही उपासनेला गेलो. आमच्यात उपासनेत एक वेळ असतो साक्ष देण्याचा, म्हणजे कोणी उभं राहून सांगायचं की देवाने माझ्यासाठी काय केलं. त्या रविवारी एक जण उठले, त्यांच्या भाच्याचा नंबर लागलेला. चांगले गृहस्थ आहेत, मनात काही वाईट नाही, पण बोलले ते असं की आम्ही विश्वासाने मागितलं, आणि विश्वासाने मागितलं की मिळतंच. सगळे आमेन म्हणाले. मी पण म्हणाले असेन सवयीने. मुलगी माझ्या शेजारी बसलेली, तिने माझ्याकडे बघितलं नाही, फक्त हातातलं गीतपुस्तक बंद केलं. बाहेर आल्यावर पाच-सहा जणी भेटायला आल्या आणि प्रत्येकीकडे एकेक वाक्य तयार होतं. देवाची योजना वेगळी असेल. एक दार बंद होतं तेव्हा देव दुसरं उघडतो. याच्यात पण काहीतरी चांगलंच असेल बघ. एक बाई तर म्हणाली घरात कोणाचं काही पाप राहिलंय का ते बघा. तेव्हापासून मुलगी मंडळीत, म्हणजे चर्चला, यायची बंद झाली. एक-दोन रविवार नाही, आठ महिने.

तर पत्र लिहिणारे दादा, तुमचं एवढं मी मान्य करते. हे होतं, आणि आमच्याकडे पण होतं.

पण तुम्ही असं लिहिलंय की हाच धर्म आहे. तिथे मी थांबवते तुम्हाला. कारण ज्या पुस्तकावर आमचा धर्म उभा आहे ते पुस्तक या बायकांच्या बाजूने नाहीये, माझ्या मुलीच्या बाजूने आहे. हे मला पण आधी माहीत नव्हतं, म्हणजे वाचलेलं होतं पण कळलेलं नव्हतं. त्या आठ महिन्यांत मी शास्त्र, म्हणजे बायबल, परत वाचलं, खरं सांगायचं तर भांडण करायला म्हणून वाचलं.

ईयोबाची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. सगळं गेलेला माणूस, मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड. त्याला भेटायला तीन मित्र येतात. ते आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. आणि मग तोंड उघडतात आणि सगळी घाण करतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार, देव उगाच कोणाला शिक्षा करत नाही वगैरे वगैरे, पानंच्या पानं. आणि शेवटी देव कोणावर रागावतो? ईयोबावर नाही हो, जो देवाला तोंडावर जाब विचारत होता. त्याला देव प्रश्नांवर प्रश्न विचारतो, पण राग काढतो तो देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या या मित्रांवर. हे मी चाळीस वर्षं ऐकत आलेय संडे स्कूलपासून, पण त्या जणींची वाक्यं कानात असताना वाचलं तेव्हा मी एकटीच हसले स्वयंपाकघरात.

आणि स्तोत्रसंहिता, बायबलातलं स्तोत्रांचं पुस्तक. आम्ही तिच्यातली गोड गोड स्तोत्रं पाठ करतो, मेंढपाळाचं तेविसावं तर प्रत्येक घरात फ्रेम करून लावलेलं. पण दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी निव्वळ रडगाणं आहे. तेराव्यात तर सुरुवातीलाच चारदा विचारलंय, किती दिवस, देवा अजून किती दिवस. आणि अठ्ठ्याऐंशीवं असं आहे की बाकीच्या विलापांमध्ये शेवटाकडे जरा तरी उजेड येतो, याच्यात येतच नाही, अंधारावर संपतं. कोणीतरी हे शास्त्रात ठेवलं ना! काढून टाकता आलं असतं की. म्हणजे ज्यांनी हे सगळं जमवलं त्यांना वाटलं असणार की असंही बोलणारा माणूस देवाच्या दारात उभा राहू शकतो. आमच्या साक्षीच्या वेळात मात्र तो उभा राहू शकत नाही, ही आमची गंमत.

येशूचा प्रेषित पौल म्हणतो माझ्या शरीरात एक काटा आहे, तो काढ म्हणून मी तीनदा विनंती केली. तीनदा. काढला नाही. स्वतः येशूने गेथशेमाने बागेत मागितलं की हा प्याला टळू दे, आणि टळला नाही. आता 'विश्वासाने मागितलं की मिळतंच' म्हणणाऱ्यांनी मला सांगावं की येशूचा विश्वास कमी पडला होता का.

आता रमाबाई.

दौंड-पुणे शटलने जो रोज जातो त्याला केडगाव स्टेशन माहीत असतं. पाटस, कडेठाण, मग केडगाव. उतरणारे उतरतात, मुक्ती मिशनचं नाव ऐकून असतात, शाळेच्या पुस्तकात रमाबाईंवर धडा असतो, तेवढंच. त्यांची गोष्ट कशी सांगतात तर थोर समाजसुधारक, संस्कृत पंडिता, विधवांसाठी काम केलं. सगळं खरं. पण मी माझ्या आजीकडून ऐकली ती गोष्ट अशी नव्हती. आजी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची, आणि ती सांगायची बाईंचं काय काय झालं नाही त्याची गोष्ट.

वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून गाव सोडून रानात राहिलेला माणूस. १८५८ चा जन्म रमाबाईंचा. लहानपण सगळं तीर्थयात्रेत, आईबाप पुराण सांगायचे आणि मिळेल त्यावर जगायचे. सोळा वर्षांच्या असताना दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली, काही महिन्यांच्या आत. मागे राहिली ती आणि भाऊ श्रीनिवास, दोघं हजारो मैल पायी हिंडले. व्रतं केली, उपास केले, देवळांत गेले. काहीच झालं नाही. कलकत्त्याला पोचले, तिथे पंडिता म्हणून नाव झालं आणि १८८० ला भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न केलं बिपिनबिहारी मेधावींशी, १८८१ ला मुलगी झाली मनोरमा, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्याने गेला. चोवीस पूर्ण नव्हती बाई.

आणि आता ऐका, माझ्या मुलीला जे मी सांगितलं ते. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या कशाला गेल्या माहितीये? डॉक्टर व्हायला. इथल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत आणि मरतात, म्हणून स्वतः वैद्यकी शिकायची होती. लहान पोरगी बरोबर, परका देश, आणि तिथे गेल्यावर कळलं की जमणार नाही. का, तर कान. त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते वाढत चाललेलं. झालं, संपलं डॉक्टर होणं. नंबर लागला नाही म्हणू या आपण आजच्या भाषेत.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला इंग्लंडमधल्या वॉन्टेजला त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. आता कोणी म्हणेल बघा, निराश झाल्या म्हणून धर्म बदलला. तसं म्हणणाऱ्यांनी त्यांची पत्रं वाचावीत. तिथल्या मठातल्या ज्या सिस्टरांनी त्यांना आईसारखं सांभाळलं त्यांच्याशी ही बाई बाप्तिस्म्यानंतर पण प्रत्येक गोष्टीवर वाद घालत होती, हे मला पटत नाही, ते का मानायचं, मला माझी बुद्धी देवानेच दिलीय ना. आणि स्वतःच लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मला आधी मिळाला, ख्रिस्त खऱ्या अर्थाने मिळाला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. म्हणजे घाई नव्हती बाईंना. पटेपर्यंत थांबल्या.

मग १८८६ ला त्या अमेरिकेला गेल्या. कशाला? फिलाडेल्फियाला नात्यातल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला. ११ मार्च १८८६. जी पदवी यांना मिळाली नाही ती दुसरीला मिळताना बघायला समुद्र ओलांडून गेल्या. हे मी जेव्हा नीट विचार करून बघितलं ना तेव्हा माझ्या पोटात कालवलं. आमच्या मुलीच्या रूममेटचा नंबर लागला होता, तिच्या घरी पेढे घ्यायला जायला पण आमच्या मुलीचे पाय उचलत नव्हते, आणि ते मी समजू शकते. रमाबाईंना आत काय वाटलं असेल त्या हॉलमध्ये बसून, कोणाला माहीत. आनंदीबाई पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गेल्या, बावीस पण पूर्ण नव्हती.

रमाबाई अमेरिकेत राहिल्या, बालवाडीचं शिक्षण घेतलं, पैसे उभे केले, आणि परत येऊन ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन, म्हणजे विधवा मुलींची निवासी शाळा, काढलं. तारीख बघा. मी काही तारखांमध्ये देवाचे संकेत शोधणारी बाई नाही, पण तारीख बघा. नंतर सदन पुण्याला आलं, मुली यायला लागल्या, आणि १८९३ ला बाई मुलींना ख्रिस्ती करतात असा गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांच्या भरवशावर पुण्यात आल्या तेच गेले. (कोण बरोबर कोण चूक हा वाद आज इथे नको, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल आणि ते तुम्ही छापणार नाही.)

केडगावची जमीन घेतली होती ती फळबाग करायला, म्हणजे बागेच्या उत्पन्नावर सदन चालेल. आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला. बाई उठून मध्य प्रांतात गेल्या, कारण दुष्काळात पोरक्या मुलीचं काय होतं ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती, स्वतः सोळाव्या वर्षी बघितलेलं. शेकडो मुली घेऊन आल्या. १९०० च्या आसपास तिथे जवळपास दोन हजार माणूस होतं. त्या दोन हजारांत एक माझी पणजी.

दौंडच्या घरी माझ्याकडे अजून मुक्तीत छापलेलं बायबल आहे. पुठ्ठा निघालाय, मागची पानं वाळवीने खाल्लीत, मी ते जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून ते भाषांतर केलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, जवळजवळ अठरा वर्षं लागली, आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या सगळ्या मुलीच. पणजी त्यातली. आजी सांगायची, तिच्या आईच्या उजव्या हाताच्या बोटांची शाई म्हातारपणी पण पूर्ण गेली नव्हती. खरं की खोटं देव जाणे, पण लहानपणी मी त्या पुस्तकाची पानं उजेडात धरून बघायची कुठे बोटाचा ठसा दिसतो का.

आणि शेवट तर असा की लेक मनोरमा, जिच्या हातात सगळं सोपवायचं होतं, ती १९२१ च्या जुलैत गेली, चाळिशीची. आई त्रेसष्ट वर्षांची, कानाने जवळजवळ काही ऐकू येत नाही, आणि टेबलावर बायबलची प्रुफं. त्या बाईने काय केलं असेल? प्रुफं तपासली. शेवटपर्यंत. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. छापून बाहेर आलं ते पुस्तक त्यांच्या हयातीत नाही, नंतर.

आता यात 'देवाची योजना' कुठे आहे ते मला विचारू नका. मला नाही माहीत. देवाने मुद्दाम रमाबाईंचे कान घालवले म्हणजे त्या डॉक्टर होणार नाहीत आणि मग माझी पणजी वाचेल, असलं गणित मी मांडणार नाही, तो देव मला नको. दुष्काळ दुष्काळ होता. तसंच आमच्या मुलीच्या परीक्षेत जो गोंधळ झाला तो माणसांनी केला, तो देवाच्या खात्यावर कशाला लिहायचा, माणसांनी त्याचा जाब द्यावा. कारण सापडणं वेगळं आणि अर्थ लागणं वेगळं, हे मला या वर्षात कळलं. कारण मागे वळून शोधतात, आणि बऱ्याचदा सापडत नाही. अर्थ मात्र पुढे चालताना हळूहळू लागतो, तो पण कोणीतरी बरोबर चालत असेल तर.

बरोबर चालणं हा शब्द मी उगाच नाही वापरला. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, एक गोष्ट आहे, येशूला क्रुसावर मारल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याचे दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या गावाला चाललेत, दहा-अकरा किलोमीटर असेल. तोंडं उतरलेली. वाटेत एक जण त्यांना गाठतो आणि विचारतो काय बोलताय. ते त्याला ओळखत नाहीत. आणि ते म्हणतात आम्हाला तर आशा होती. आशा होती! भूतकाळात. माझ्या मते सबंध शास्त्रातलं सगळ्यात दुःखी वाक्य तेच असेल. आणि तो मेलेल्यांतून उठलेला येशूच असतो पण लगेच 'अरे मीच तो' म्हणून मोकळा होत नाही. आधी त्यांचं सगळं ऐकून घेतो, मग जरा रागावतो पण, मग सबंध रस्ता समजावत चालतो, आणि संध्याकाळी जेवायला बसल्यावर भाकरी मोडतो तेव्हा कुठे त्यांना कळतं. म्हणजे अख्खा दिवस तो बरोबर होता आणि अख्खा दिवस त्यांना वाटत होतं सगळं संपलं. आमच्या मंडळीतल्या बायका पहिल्या दहा पावलांतच निकाल सांगतात, हा आमचा प्रॉब्लेम.

मुलीचं पुढे काय झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल गोष्ट अर्धी सोडली. नर्सिंगची सीईटी तिने मैत्रिणीला सोबत म्हणून दिली होती, त्यावर पुण्याला बी.एस्सी. नर्सिंगला अॅडमिशन मिळाली. घेतली. आनंदाने घेतली असं मी लिहिणार नाही. पहिल्या महिन्यात वॉर्डातून फोन करून म्हणाली आई, एमबीबीएसची मुलं राउंडला येतात तेव्हा मी बेडच्या पलीकडे उभी राहते, तोंड दिसू नये म्हणून. अजूनही कधी कधी राहते. पण एकदा असंही म्हणाली की एका म्हातारीला रात्रभर उलट्या होत होत्या, पहाटे तिने पदराच्या गाठीतला एक रुपया काढून माझ्या हातात ठेवला. तो रुपया तिच्या पेन्सिल बॉक्समध्ये आहे, मी बघितला. त्यातून काय निष्कर्ष काढायचा ते मी तिच्यावर सोडलंय.

२०२५ चा गुड फ्रायडे १८ एप्रिलला होता. आमच्याकडे त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते, येशूने क्रुसावरून काढलेले सात उद्गार, प्रत्येक उद्गारावर एकेक जण बोलतो. सात जण ठरवताना पाळकसाहेबांनी मला न सांगता मुलीला फोन केला. त्यांचं एक मी मानते, ते निकालानंतर आमच्या घरी आले होते तेव्हा चहा पिऊन पाऊण तास बसले आणि काही बोलले नाहीत, जाताना प्रार्थना पण केली नाही, फक्त म्हणाले येतो. तेव्हा मला ते विचित्रच वाटलं होतं. तर त्यांनी तिला विचारलं चौथा उद्गार घेशील का. चौथा म्हणजे, माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस. बाविसाव्या स्तोत्राची पहिलीच ओळ ती. आता मला सांगा, ज्या धर्माचा देव स्वतः मरताना हे ओरडतो त्या धर्मात निराश माणसाला बोलायला जागा नाही असं कसं म्हणायचं.

ती आली. पांढरा ड्रेस, हातात वहीचं पान. प्रत्येकाला दहा-बारा मिनिटं असतात, काही जण वीस घेतात आणि मग सातवा उद्गार साडेतीनला संपतो. ही चार मिनिटं बोलली. मी सगळं लिहीत नाही, एवढंच सांगते की ती म्हणाली, मी चारही शुभवर्तमानं बघितली, या प्रश्नाला वरून उत्तर आल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी तर देव काही बोलल्याचंच लिहिलेलं नाही. मी अजून शनिवारातच आहे (येशू उठला तो रविवारी). पण विचारणारा तोच होता म्हणून मी आज इथे आले. आणि खाली बसली. कोणी आमेन म्हटलं नाही. पंख्याचा आवाज येत होता.

सुटल्यावर बाहेर निंबाच्या सावलीत ते भाच्यावाले गृहस्थ तिच्याजवळ आले. मला वाटलं आता काहीतरी उपदेश करणार, मी मध्ये पडायच्या तयारीत. तर त्यांनी तिला सांगितलं की त्यांचा थोरला मुलगा १९९८ ला गेला, काविळीने, अकरा दिवस अख्खी मंडळी उपास धरून होती. आम्ही त्यांना वीस वर्षं ओळखतो, त्यांना थोरला मुलगा होता हेच आम्हाला माहीत नव्हतं. कारण त्याची साक्ष कोण देणार? तिने त्यांना नाव विचारलं मुलाचं. मग दोघं बराच वेळ बोलत उभे होते, मी चपला घालून फाटकापाशी थांबले.

तर संपादकसाहेब, त्या पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना माझं सांगणं एवढंच की श्रद्धेच्या नावाने तोंड बंद करणारे आमच्यात आहेत, खुशाल टीका करा, मी पण करते. पण श्रद्धेतच तोंड उघडायची जागा पण आहे आणि ती आमच्या आधी दोन-अडीच हजार वर्षं कोणीतरी राखून ठेवलीय, ते पण लिहा. आणि तुम्हाला एक विनंती. निकालाच्या दिवशी तुम्ही दोन पानं फोटो छापता, छापा, त्या पोरांनी कष्ट केलेत. २०२५ चा पेपर तर इतका अवघड होता की देशात पहिल्या आलेल्याचेच ६८६ होते. पण वीस लाखांवर मुलं बसतात आणि सरकारी-प्रायव्हेट सगळ्या जागा मिळून त्याच्या कितीतरी कमी. एखादा कॉलम बाकीच्यांसाठी सोडा. तिथे सल्ला नको, समुपदेशकाचा फोटो नको, दहा टिप्स तर अजिबात नको. ज्यांचा नंबर कधीतरी लागला नव्हता अशा मोठ्या माणसांनी त्या दिवशी घरी काय झालं तेवढं लिहावं. नळ किती वेळ चालू होता, पोह्यांचं काय झालं. सुरुवातीला कोणी मिळालं नाही तर १८८३ पासून सुरू करा, केडगाव तुमच्या ऑफिसपासून फार लांब नाही.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, दौंड

ता.क. ६१२ चे ६०७ झाले हे छापलं तरी चालेल, मुलीला विचारलंय. फक्त नाव टाकू नको म्हणाली, आणि पहिली ओळ वाचून म्हणाली आई तू पत्रात पण निबंधच लिहितेस.